एका सर्व्हरवर तीन घटक, तीन आवृत्त्या: भांडण कोणत्या थरावर आहे ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. उबुंटू २२.०४ चा एकच सर्व्हर. त्यावर जँगो या पायथनच्या वेब-चौकटीत लिहिलेले जुने अहवालांचे अॅप्लिकेशन आहे, पायथन ३.८ आणि नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) १.२४ वर चालणारे. शेजारी फास्टएपीआय या दुसऱ्या वेब-चौकटीतली नवी सेवा, तिला पिडँटिक (डेटा तपासणारी लायब्ररी) २ आणि नमपाय २ हवे. तिसरे म्हणजे पुरवठादाराने दिलेले, पीडीएफवर डिजिटल सही करणारे तयार बायनरी, म्हणजे आधीच कंपाइल केलेला प्रोग्रॅम. ते लिबएसएसएल १.१, म्हणजे ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या साधनाची जुनी लायब्ररी, मागते. तक्रारी तीन: व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (व्हेन्व्ह, म्हणजे पायथनच्या पॅकेजचे स्वतंत्र फोल्डर) वेगळे करूनही नव्या सेवेत जुना नमपाय शिरतो, सहीचे बायनरी सुरूच होत नाही, आणि जुन्या अॅप्लिकेशनमधले हिशेबाचे एक मॉड्यूल नव्या सेवेत इम्पोर्ट करायचे आहे, तर पिप (पायथनची पॅकेजेस आणणारे साधन) इन्स्टॉलच नाकारतो. 'सगळे उचलून डॉकरमध्ये टाकले तर सुटेल का?'

नाही सुटणार. डॉकर प्रोग्रॅमला त्याच्या लायब्ऱ्यांसकट वेगळ्या डब्यात चालवतो. सहीचे बायनरी त्याने सुटेल. पहिल्या तक्रारीला डॉकरची गरजच नाही. आणि तिसरीपुढे डॉकर हात टेकेल, कारण ती त्याच्या हद्दीतली गोष्टच नाही.

आवृत्त्यांचे भांडण शेवटी एका नावावरून होते. कुणीतरी एक नाव घेऊन शोधायला निघतो, ठरलेल्या क्रमाने फोल्डर धुंडाळतो, पहिली सापडलेली फाइल उचलतो, आणि मग त्या नावापुढे तीच सगळ्यांची. हा शोध घेणारे मात्र एक नाहीत. इन्स्टॉल करताना एपीटी (उबुंटूचे पॅकेज-साधन) किंवा पिप शोधतो. प्रोग्रॅम सुरू होताना लिनक्सचा डायनॅमिक लिंकर सामायिक लायब्ऱ्या शोधतो. चालू असताना पायथनचा इम्पोर्ट मॉड्यूल शोधतो. या सगळ्यांच्या खाली कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, तो तर मशीनला एकच. प्रत्येक साधन यांपैकी ठरावीक शोधणाऱ्यांनाच वेगळा रस्ता दाखवते, सगळ्यांना नाही. हे न बघता साधन निवडले की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हा आजार जुना आहे. नव्वदच्या दशकातल्या विंडोजवर सिस्टम-३२ या एकाच फोल्डरात सगळ्यांच्या डीएलएल, म्हणजे सामायिक लायब्ऱ्या, पडायच्या. नवे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना ते एखादी डीएलएल आपल्या आवृत्तीने झाकायचे आणि कालपर्यंत चालणारे दुसरे सॉफ्टवेअर आज कोसळायचे. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० मध्ये सिस्टमच्या फाइलींना संरक्षण दिले आणि एक्सपीपासून एकाच डीएलएलच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवायची सोय केली. कुणाला कोणती हवी हे प्रोग्रॅमने मॅनिफेस्टमध्ये लिहायचे. म्हणजे उपाय होता तो नावात आवृत्ती घालण्याचा. पुढे आलेल्या बहुतेक सगळ्या साधनांची युक्ती हीच आहे: शोधणाऱ्याला वेगळे नाव द्या, नाहीतर वेगळे फोल्डर दाखवा.

आता पहिली तक्रार. तुम्ही दिलेल्या एररमध्ये नमपायने स्वतःच दोन ओळी छापल्या आहेत: चालू पायथन ३.१०, सापडलेला नमपाय १.२४, आणि खालच्या मार्गात जुन्या अॅप्लिकेशनच्या एन्व्हायर्नमेंटचे फोल्डर. ३.१० च्या पायथनने ३.८ साठी कंपाइल झालेला नमपाय उचलला, म्हणून त्याचा सी-मधला भाग लोड झाला नाही. व्हेन्व्ह नीट बनलेले असताना हे एकाच वाटेने होण्याची शक्यता दाट आहे: पायथनपाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून मिळणारी सेटिंग. कुणीतरी कधीतरी ते सर्वांसाठीच्या प्रोफाइलमध्ये किंवा सेवेच्या युनिटमध्ये (सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या फाइलीत) टाकलेले असते आणि विसरलेले असते. पायथनपाथमधली फोल्डरे व्हेन्व्हच्या साइट-पॅकेजेस या पॅकेजच्या फोल्डराच्या आधी शोधली जातात, त्यामुळे व्हेन्व्ह कितीही स्वच्छ असले तरी त्याचा नंबर लागतच नाही.

खात्री करायला सोपे आहे. व्हेन्व्हमधला पायथन 'वजा कॅपिटल आय' हा पर्याय देऊन चालवा. या अलिप्त पद्धतीत तो पायथनपाथ आणि वापरकर्त्याच्या घरातले पॅकेज दोन्ही दुर्लक्षित करतो. तिथे नमपाय इम्पोर्ट करून त्याची आवृत्ती आणि फाइलचा मार्ग छापा. आता बरोबर आला, तर चोर सापडला. चालू सेवेला प्रत्यक्षात कोणते व्हेरिएबल मिळाले आहेत ते प्रॉक फोल्डरात त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली एन्व्हायरॉन नावाच्या फाइलीत दिसते. तुमच्या टर्मिनलमध्ये काय दिसते याला इथे अर्थ नाही. सेवा तुमच्या टर्मिनलमधून सुरू झालेली नाही.

व्हेन्व्हबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, की 'अॅक्टिव्हेट' केले की काहीतरी कुलूप लागते. तसे काही नाही. अॅक्टिव्हेट फक्त शेलच्या पाथमध्ये एक फोल्डर पुढे आणतो. खरे काम करते ती पायव्हेन्व्ह डॉट सीएफजी नावाची छोटीशी फाइल. पायथन सुरू होताना ती आपल्या आसपास बघतो, सापडली तर तिथूनच साइट-पॅकेजेस धरतो. म्हणून सिस्टमडीच्या युनिटमध्ये किंवा ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनमध्ये अॅक्टिव्हेटच्या भानगडीत पडू नका. व्हेन्व्हच्या बिन फोल्डरातल्या पायथनचा पूर्ण मार्ग लिहा, पुरेसे आहे. पिपही तसाच चालवा, पायथनच्या 'वजा एम'ने, म्हणजे कोणता पिप कोणत्या पायथनचा हा घोळ राहत नाही.

आणि व्हेन्व्ह पायथनला वेगळे करत नाही, फक्त त्याच्या पॅकेजना करते. आतला पायथन बहुधा सिस्टमच्या पायथनकडे बोट दाखवणारी सिमलिंक असते. उद्या सर्व्हर २४.०४ वर नेलात की सिस्टमचा पायथन ३.१० चा ३.१२ होईल आणि ३.१० च्या नावाच्या फोल्डरात बसलेली तुमची सगळी पॅकेजेस त्याला दिसेनाशी होतील. व्हेन्व्ह हलवायचे नसते, कॉपी करायचे नसते, जपायचेही नसते. यादीवरून पुन्हा बनवायचे असते. यादी म्हणजे नेमक्या आवृत्त्यांची लॉक फाइल. 'नमपाय, कोणताही' असे लिहिलेली रिक्वायरमेंट्सची फाइल म्हणजे यादी नव्हे. एन्व्हायर्नमेंट वेगळे केले पण लॉक केले नाही, तर पुढच्या वेळी बांधाल तेव्हा वेगळेच काहीतरी बांधले जाईल. पिप-टूल्स, पोएट्री, युव्ही यांपैकी काहीही घ्या. मी सध्या युव्ही सुचवतो, कारण तो पायथनची हवी ती आवृत्तीही स्वतः आणून देतो आणि वेगवान आहे.

जाता जाता: सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, पिप चालवायची सवय असेल तर ती सोडा. उबुंटूवर असे टाकलेले पॅकेज युएसआर-लोकलखाली जाते, आणि सिस्टमचा पायथन ते फोल्डर एपीटीने टाकलेल्या पॅकेजच्या आधी बघतो. युएफडब्ल्यू या फायरवॉलसारखी सिस्टमची काही साधने पायथनमध्येच लिहिलेली आहेत. तुमच्या अॅप्लिकेशनसाठी टाकलेल्या पॅकेजने त्यांचा पाय मोडतो. म्हणूनच डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, सिस्टमचा पिप 'हे एन्व्हायर्नमेंट बाहेरून सांभाळले जाते' म्हणत सरळ नकार देतो. त्या नकारावर 'ब्रेक सिस्टम पॅकेजेस' हा पर्याय चिकटवून पुढे जाणारे पुष्कळ दिसतात. पर्यायाच्या नावातच परिणाम लिहिला आहे, यापेक्षा जास्त इशारा कुणी काय द्यायचा.

तुमचे जुने अॅप्लिकेशन अपाचे वेब सर्व्हरच्या मॉड-डब्ल्यूएसजीआय या पायथन चालवणाऱ्या मॉड्यूलवर आहे, असेही तुम्ही लिहिले आहे. मग एक अडचण ध्यानात घ्या: मॉड-डब्ल्यूएसजीआय पायथनच्या एकाच आवृत्तीशी बांधून कंपाइल होतो. डीमन मोडमध्ये दोन अॅप्लिकेशनना दोन व्हेन्व्ह देता येतात, पण एका अपाचेत दोन वेगळे पायथन नांदत नाहीत. दोन्ही अॅप्लिकेशने आपापल्या प्रोसेसमध्ये काढा, जुने जीयुनिकॉर्नवर आणि नवे युव्हिकॉर्नवर (दोन्ही पायथन अॅप्लिकेशन चालवणारे सर्व्हर), आणि अपाचेला पुढे फक्त रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे विनंत्या आत धाडणारा, म्हणून ठेवा. ही एवढी फोड केली की पुढची निम्मी डोकेदुखी कमी होते.

दुसरी तक्रार एका थराने खाली आहे. 'लिबएसएसएल १.१ उघडता आली नाही' ही ओळ पायथनची नाही, डायनॅमिक लिंकरची आहे. तिथे व्हेन्व्हचा काडीचा उपयोग नाही. उबुंटूने २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ आणला आणि १.१ काढून टाकला. आता इंटरनेटवर सर्वांत आधी सापडणारा सल्ला असतो: लिबएसएसएल ३ ला १.१ च्या नावाने सिमलिंक करा. करू नका. चालणारही नाही, कारण त्या लायब्ररीतल्या प्रत्येक फंक्शनच्या नावाला आवृत्तीची चिठ्ठी चिकटवलेली असते, बायनरी १.१ च्या चिठ्ठीचे फंक्शन मागणार आणि ३ मध्ये ती चिठ्ठीच नाही.

दुसरा सल्ला, २०.०४ चे लिबएसएसएल १.१ चे डेब पॅकेज आणून टाका. हा मात्र चालतो. लिनक्सवर लायब्ररीच्या फाइलनावातच मोठी आवृत्ती असते, त्यामुळे १.१ आणि ३ एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. विंडोजने जे नंतर केले ते इथे आधीपासून आहे. माझी हरकत भांडणाची नाही, सुरक्षेची आहे. ओपनएसएसएल १.१.१ चा आधार सप्टेंबर २०२३ मध्ये संपला. हे पॅकेज असे हाताने टाकले की तुमच्या २२.०४ चा एपीटी त्याला कधीच सुधारणा आणणार नाही, आणि दोन वर्षांनी ते तिथे आहे हेही कुणाच्या लक्षात राहणार नाही.

तिसरा सल्ला एलडी लायब्ररी पाथ या व्हेरिएबलचा: जुनी लायब्ररी एका फोल्डरात ठेवायची आणि लिंकरला तिकडे आधी बघायला लावायचे. फक्त त्या एका सेवेच्या युनिटमध्ये लिहिले तर ठीक. सगळ्या वापरकर्त्यांच्या प्रोफाइलमध्ये लिहिले, तर पायथनपाथने वर जे केले तेच हे कर्ल, गिट आणि दिसेल त्या प्रोग्रॅमला करेल. याहून नीटस वाट म्हणजे पॅचएल्फ नावाचे साधन. त्याने बायनरीच्याच पोटात 'तुझ्या शेजारच्या लिब फोल्डरात बघ' असे लिहिता येते. पण पुरवठादाराच्या बायनरीला हात लावला की त्याची मदत-सेवा हात वर करते, हेही खरे.

आणि कोणती लायब्ररी कुठून येते हे बघायला एलडीडी वापरता, तेव्हा एक लक्षात असू द्या: एलडीडी काही वेळा ते बायनरी प्रत्यक्ष चालवू शकतो. विश्वास नसलेल्या फाइलवर ऑब्जडम्पने 'नीडेड' ओळी वाचाव्यात.

याच थरावरचा एक धाकटा भाऊ आहे, त्याची ओळख करून ठेवा: 'जीलिबसी २.३४ सापडली नाही'. नव्या मशीनवर बांधलेले बायनरी जुन्या मशीनवर नेले की ही ओळ दिसते. जीलिबसी, म्हणजे लिनक्सवरची सी-ची मूळ लायब्ररी, जुन्याला सांभाळून घेते, नव्याला नाही. म्हणून बायनरी वाटायचे असेल तर सर्वांत जुन्या मशीनवर बांधतात. पायथनची मेनीलिनक्स २०१४ ची व्हील (आधीच बांधून दिलेली पॅकेजेस) याच कारणाने सेंटओएस ७ च्या जीलिबसी २.१७ वर बेतलेली आहेत. ही लायब्ररी एकटी बदलायला जाऊ नये, सगळी सिस्टम तिच्यावर उभी आहे. इथून डॉकरची हद्द सुरू होते.

डॉकरमधली प्रोसेस तुमच्याच कर्नलवर चालणारी साधी प्रोसेस असते. फक्त तिला दिसणारी फाइलसिस्टम वेगळी असते. या फाइलसिस्टमच्या साठवलेल्या साच्याला इमेज म्हणतात. त्यामुळे लिंकर आत शोधतो तेव्हा त्याला इमेजमधली जीलिबसी आणि इमेजमधली लिबएसएसएल सापडते. ही कल्पना चीरूटच्या रूपाने १९७९ च्या युनिक्सपासून आहे, फ्रीबीएसडीने २००० मध्ये जेल आणले, लिनक्समध्ये प्रोसेस एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारे नेमस्पेस आणि सीग्रुप हळूहळू जमत गेले. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने नवे काय दिले, तर ही फाइलसिस्टम बांधायची, थरांत साठवायची आणि दुसऱ्याला पाठवायची सोपी रीत.

तुमच्या सहीच्या बायनरीला हे चपखल बसते. २०.०४ ची इमेज, आत ते बायनरी, बाहेरून फक्त पीडीएफचे फोल्डर जोडलेले, आणि नेटवर्क पूर्ण बंद. शेवटचे महत्त्वाचे. २०.०४ चा नेहमीचा आधारही २०२५ मध्ये संपला आहे, म्हणजे जुना ओपनएसएसएल आत जुनाच राहणार. डॉकरने तो सुरक्षित होत नाही, फक्त कोंडला जातो. सही फाइलवरच्या कीने होत असेल तर नेटवर्क बंद ठेवून काम भागते. टाइमस्टॅम्पसाठी बाहेर जावे लागत असेल तर तेवढा एकच पत्ता उघडा. आणि पुरवठादाराकडे नव्या आवृत्तीचा तगादा लावत राहा. ही सोय तगादा थांबवण्यासाठी नाही.

मग बाकीचेही डॉकरमध्ये का नको? टाका, मनाई नाही. पण त्याचा हिशेब आधी मांडा. होस्टवर एपीटीने सुरक्षेची सुधारणा केली तरी इमेजमधली लायब्ररी तशीच राहते. इमेज पुन्हा बांधण्याचे वेळापत्रक तुम्हालाच पाळावे लागेल. बेस इमेजला 'लेटेस्ट' लिहिले तर लॉक फाइलवर केलेली मेहनत पाण्यात, कारण खालची जमीनच हलती. लहान इमेजच्या मोहाने अल्पाइन घेतलात तर तिथे जीलिबसी नाही, मसल ही दुसरी सी-लायब्ररी आहे. नेहमीची मेनीलिनक्स व्हील तिथे चालत नाहीत आणि ज्या पॅकेजला मसलचे व्हील नाही ते तासभर कंपाइल होत बसते. पायथनसाठी डेबियनची स्लिम इमेज बरी. डॉकरने बाहेर काढलेले पोर्ट युएफडब्ल्यूचे नियम टाळून थेट उघडे होते, हे तर अनेकांना सर्व्हर स्कॅन झाल्यावर कळते. पोर्ट लोकलहोस्टला बांधा. ग्राफिक्स कार्ड असेल तर ड्रायव्हर होस्टचाच लागतो, कारण कर्नल एकच. दोघातिघांच्या टीमला दोन पायथन सेवांसाठी एवढे सांभाळण्यापेक्षा सिस्टमडी आणि दोन व्हेन्व्ह पुरतात, असे माझे मत आहे. दहा सेवा आणि चार सर्व्हर झाले की मी माझे मत बदलेन.

कोंडा हे पॅकेज-साधन व्हेन्व्ह आणि डॉकर या दोन्हींच्या मधे बसते. तो पायथनबरोबर ओपनएसएसएल, सी++ ची लायब्ररी, असे पुष्कळ काही आपले आणतो, पण जीलिबसी होस्टचीच घेतो. भू-नकाशांच्या किंवा वैज्ञानिक कामाच्या जडजंबाळ लायब्ऱ्यांना तो सोयीचा आहे. तुमच्या कामाला गरज दिसत नाही. घेतलाच तर कोंडा-फोर्ज या एकाच चॅनेलवर राहा, चॅनेलांची सरमिसळ करू नका. निक्स या पॅकेज-साधनाचे नाव कुणीतरी काढेलच. प्रत्येक पॅकेजच्या मार्गात ते कशाकशापासून बनले त्याचा हॅश घालायचा, म्हणजे दोन आवृत्त्यांचे नाव कधी एक होणारच नाही, ही एल्को डोलस्त्रांची कल्पना मला या सगळ्यांत सर्वांत स्वच्छ वाटते. पण तिची भाषा शिकायला वेळ द्यावा लागतो आणि तयार बायनरी तिथे नखरे करतात. आज जळते आहे ते विझवायला निक्स आणू नका.

आता तिसरी तक्रार. खरा गुंता तिथेच आहे.

हिशेबाच्या जुन्या मॉड्यूलचा काही भाग सी-मध्ये आहे, नमपाय १ च्या हेडरांवर कंपाइल झालेला, आणि त्याच्या माहितीत 'नमपाय २ पेक्षा कमी' अशी अट आहे. नवी सेवा म्हणते नमपाय २ पाहिजेच. पिप दोघांचे मागणे एकत्र ठेवून पाहतो, दोन्हींत बसणारी आवृत्ती सापडत नाही, आणि तो थांबतो. २०२० च्या अखेरीस आलेल्या पिप २०.३ च्या आधी तो थांबत नसे. काहीतरी एक टाकून मोकळा व्हायचा आणि सेवा चालू असताना कधीतरी फुटायची. तेव्हा या नकारावर चिडू नका. ती अट खोडून बळेच इन्स्टॉल केलेत तर इम्पोर्टच्या वेळी नमपाय स्वतः सांगेल, की १ वर कंपाइल झालेले मॉड्यूल २ मध्ये चालत नाही. जून २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २ ने बायनरी पातळीवरची जुनी सांगड मोडली आहे.

इथे व्हेन्व्ह, डॉकर, कोंडा, निक्स सगळे सारखेच निरुपयोगी, कारण दोघांना एकाच प्रोसेसमध्ये राहायचे आहे. पायथनच्या प्रोसेसमध्ये सिस-मॉड्यूल्स नावाची एक नोंदवही असते आणि तीत 'नमपाय' या नावापुढे एकच नोंद बसते. सगळे डॉकरमध्ये टाकलेत तर हेच भांडण डॉकरच्या आत होईल.

सगळ्या भाषांनी हे असेच ठरवलेले नाही. नोडमध्ये प्रत्येक पॅकेज आपल्या पोटातल्या नोड-मॉड्यूल्समध्ये स्वतःची प्रत ठेवू शकते, त्यामुळे एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या सुखाने राहतात. पण रिअॅक्टच्या दोन प्रती झाल्या की हुक चालेनासे होतात, कारण तिथे दोघांनी एकच स्थिती वाटून घेणे अपेक्षित असते. रस्टचा कार्गो एकाच बायनरीत दोन मोठ्या आवृत्त्या घेतो, पण एकीचा टाइप दुसरीला दिला की कंपायलर म्हणतो हे दोन वेगळे टाइप आहेत, आणि नाव सारखेच दिसत असल्याने माणूस एररकडे बघत बसतो. जावामध्ये वेगवेगळे क्लासलोडर दिले की तेच साधते. एक्लिप्सने २००४ च्या ३.० पासून ओएसजीआयवर आपली सगळी प्लगइन याच पायावर उभी केली. ज्यांना ते नको, ते मेव्हनच्या शेड प्लगइनने लायब्ररीचे पॅकेजनावच बदलून आपल्या जारमध्ये कोंबतात. म्हणजे एका प्रोसेसमध्ये दोन आवृत्त्या ठेवता येतात, जोवर दोघी एकमेकींना वस्तू देत नाहीत. वस्तूंची देवाणघेवाण सुरू झाली की भांडण परत येते. तुमच्या बाबतीत नवी सेवा जुन्या मॉड्यूलला नमपायचा अॅरेच देणार आहे, तेव्हा पायथनने दोन आवृत्त्या चालवून घेतल्या असत्या तरी तुमचे काम झाले नसते.

पायथनमध्येही नाव बदलायची युक्ती आहे, पण ती लायब्ररीच्या लेखकाने करावी लागते. पिडँटिक २ आपल्या पोटात 'पिडँटिक डॉट व्ही१' या नावाने जुनी आवृत्ती बाळगतो. तुमच्या जुन्या कोडमध्ये पिडँटिक १ ची मॉडेल असतील तर इम्पोर्टची ओळ बदलून ती तशीच चालवता येतील. फक्त व्ही१ चे मॉडेल व्ही२ च्या मॉडेलमध्ये घुसवू नका. पिप स्वतः आपल्या लागणाऱ्या लायब्ऱ्या पोटातल्या एका फोल्डरात घेऊन हिंडतो, म्हणून तुमच्या रिक्वेस्ट्सच्या आवृत्तीशी त्याचे वाजत नाही. नमपायला असले काही नाही.

तेव्हा वाटा दोन. सी-मधल्या भागाचा सोर्स तुमच्याकडे असेल तर तो नमपाय २ च्या हेडरांवर पुन्हा कंपाइल करा. गंमत अशी की २ वर बांधलेला भाग नमपाय १ च्या अलीकडच्या आवृत्त्यांवरही चालतो, उलटे चालत नाही. मात्र नमपाय २ ला पायथन ३.९ तरी लागतो, म्हणजे हे काम नव्या सेवेच्या ३.१० वर करायचे आणि जुने अॅप्लिकेशन तूर्त आपल्या जुन्या बांधणीवर ठेवायचे. तीन-चारशे ओळींचे मॉड्यूल असेल तर मी हीच वाट धरेन.

सोर्स नसेल, किंवा त्याला हात लावायची कुणाची हिंमत नसेल, तर प्रोसेस फोडा. जुने मॉड्यूल जुन्या व्हेन्व्हमध्येच राहू द्या, त्याच्यापुढे लोकलहोस्टवर ऐकणारी लहानशी सेवा ठेवा, नव्या सेवेने तिला विचारावे. काम लांबणारे असेल तर मधे रेडिसची रांग. सीमेवरून काय पाठवता याला इथे सगळे महत्त्व आहे. पिकल, म्हणजे पायथनची वस्तू जशीच्या तशी साठवायची पद्धत, पाठवू नका. नमपाय २ ने बनवलेले पिकल 'नमपाय डॉट अंडरस्कोर-कोअर' या नावाने मॉड्यूल मागते, ते नाव १.२६ च्या आधीच्या नमपायला माहीतच नाही, आणि पायथन ३.८ वर १.२४ च्या पुढे नमपाय मिळत नाही. म्हणजे ज्या भांडणापासून पळायला प्रोसेस फोडली, तेच पिकलच्या पाठीवर बसून पलीकडे जाईल. आकडे थोडे असतील तर जेसन, मोठे तक्ते असतील तर पार्केची फाइल. जेसनमध्ये रुपये-पैशांची रक्कम दशांश संख्या म्हणून न पाठवता मजकूर म्हणून पाठवा, हिशेबाचे मॉड्यूल आहे म्हणून सांगतो.

याच सीमेची आणखी एक तऱ्हा पोस्टग्रेस या डेटाबेसच्या निमित्ताने सांगण्यासारखी आहे. पायथनमधून पोस्टग्रेसशी बोलणाऱ्या सायकॉपजी २ च्या तयार व्हीलमध्ये स्वतःची लिबएसएसएल बांधलेली होती. एकाच प्रोसेसमध्ये पायथनचे एसएसएल मॉड्यूल सिस्टमची लिबएसएसएल उचलायचे आणि सायकॉपजी आपली. एकाच वेळी अनेक थ्रेड चालू लागले की कधीमधी सेगमेंटेशन फॉल्ट. म्हणून २.८ पासून तयार व्हील 'बायनरी' असे वेगळे नाव लावून दिले जाते आणि प्रॉडक्शनवर सोर्समधून बांधलेले वापरा असे लेखकच सांगतात. तुमच्या दोन्ही रिक्वायरमेंट्समध्ये ते बायनरी नावाचे पॅकेज मला दिसते आहे. आज त्रास नसेल, तरी लॉक फाइल नव्याने करताना ते बदलून घ्या.

कामाचा क्रम मी असा धरेन. पायथनपाथ आजच काढा; काही तुटले तर ते कशावर टिकून होते तेही कळेल. मग दोन्ही अॅप्लिकेशने आपापल्या सिस्टमडी युनिटमध्ये, वेगळ्या लिनक्स वापरकर्त्याखाली, लॉक फाइलवरून नव्याने बांधलेल्या व्हेन्व्हमध्ये. त्यानंतर सहीचे बायनरी डॉकरमध्ये. हिशेबाच्या मॉड्यूलचा निर्णय शेवटी, कारण तिथे कोड वाचावा लागणार. पायथन ३.८ चा आधार ऑक्टोबर २०२४ मध्येच संपला आहे, तेव्हा जुने अॅप्लिकेशन वर आणायची तारीखही त्याच बैठकीत ठरवा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण प्रश्नात डोकावते आहे. दोन्ही अॅप्लिकेशने एकाच पोस्टग्रेसमधली तीच टेबले वापरतात. पोस्टग्रेसचा प्रोटोकॉल २००३ च्या ७.४ पासून बराच स्थिर आहे, त्यामुळे जुनी-नवी क्लायंट लायब्ररी जोडली जाण्यात सहसा अडचण येत नाही. फक्त १४ पासून पासवर्डची मूळ पद्धत स्क्रॅम झाली आहे आणि १० च्या आधीच्या क्लायंटला ती येत नाही. खरी अडचण टेबलांच्या रचनेची आहे. जँगोच्या मायग्रेशनने (टेबलांची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्टने) एखाद्या रकान्याचे नाव बदलले की फास्टएपीआयची सेवा पडणार, मग ती व्हेन्व्हमध्ये असो, डॉकरमध्ये असो, की दुसऱ्या मशीनवर. मायग्रेशन एकाच अॅप्लिकेशनने चालवायचे हे ठरवून टाका. रकाना बदलायचा तर आधी नवा जोडायचा, काही काळ दोन्हींत लिहायचे, दोन्ही सेवा नव्यावर आल्या की मगच जुना काढायचा. नव्या सेवेला शक्य असेल तर टेबलांऐवजी व्ह्यू द्या, म्हणजे खाली काय हलते आहे ते तिला कळायचे कारण राहणार नाही.